सोमवारी बैल सुटलेले असतात

मंगळवारी दुपारी पाटोद्याहून येणारी एसटी आमच्या लिंबागणेशाच्या अलीकडं पाऊण तास उभी राहिली. कुणा पुढाऱ्याचा वाढदिवस होता आणि मोटारसायकलींची रॅली मांजरसुंब्याकडं निघाली होती. झेंडे, पुंगळ्या काढलेले सायलेन्सर, एकेका गाडीवर तिघंतिघं. माझ्या शेजारी एक म्हातारी बसली होती, बीडच्या दवाखान्यात नातवाला डबा घेऊन निघालेली. दर दोन मिनिटांनी ती डब्याला हात लावून बघायची, अजून गरम आहे का. रॅलीचा आवाज तासाभरात विसरलो. तो हात अजून डोळ्यांपुढून जात नाही.

त्या पोरांवर माझा राग नाही. रात्री कुणाची गाय अडली, कुणाचं पोर तापानं फणफणलं, तर हीच पोरं किक मारून हजर होतात. राग आहे तो टाकीत दोन लिटर पेट्रोल ओतून त्यांचा अख्खा दिवस विकत घेणाऱ्यांवर. पन्नास गाड्या, शंभर-दीडशे तरणी माणसं, म्हणजे केवढी ताकद! आणि तिचा उपयोग काय, तर रस्ता अडवणं.

संध्याकाळी हे घरी बोललो तेव्हा पुतण्या म्हणाला, "तात्या, ज्यू लोकांचे मोटारसायकल क्लब असतात, ठाऊक आहे का?" मला ठाऊक नव्हतं. अमेरिकेत, कॅनडात असे पुष्कळ क्लब आहेत आणि ज्युइश मोटारसायकलिस्ट्स अलायन्स ही त्यांना बांधणारी संघटना. नावं मोठी मजेची. 'हेल्स एंजल्स' या दांडगट टोळीच्या नावावरून 'हिलेल्स एंजल्स'; हिलेल म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीचा त्यांचा थोर धर्मज्ञ. हार्ले डेव्हिडसनवरून 'स्टार ऑफ डेव्हिडसन'. मैत्रीसाठी एकत्र येतात आणि वर्षातून एकदा 'राइड टू रिमेंबर' नावाची मोठी फेरी काढून निधी उभा करतात. नाझींनी मारलेल्या 60 लाख ज्यूंची आठवण पुढच्या पिढीला राहावी, यासाठीच्या शिक्षणाला तो पैसा जातो. टेनेसीतल्या व्हिटवेल या छोट्या गावी ही मंडळी गेली होती. तिथल्या शाळेतल्या मुलांना 60 लाख म्हणजे किती हे कळेना, म्हणून 1998 पासून त्यांनी कागदाला लावायच्या पिना गोळा केल्या, माणशी एक. गावात ज्यू घर नाही, तरी पोरांनी हे केलं. अशा गावाला गाड्या वळवाव्यात हे ज्याला सुचलं, त्याला माझा नमस्कार.

त्यांच्याकडं दानाला 'त्झदाका' म्हणतात. त्या शब्दाचं मूळ न्यायात आहे, दयेत नाही. देणाऱ्यानं उपकार केला असं नाही. ज्याचं देणं लागत होतो, ते दिलं. आपण 'दानधर्म' हा जोडशब्द घाईनं म्हणून टाकतो, त्यातला धर्मही मला तसाच वाटतो.

ज्यू म्हटलं की मला आधी आपले बेने इस्रायली आठवतात. ते आपलेच, मराठी बोलणारे. पेणकर, दिवेकर, केहिमकर, राजपूरकर, अशी कोकणातल्या गावांवरून पडलेली आडनावं. अलिबागेकडं गावोगाव त्यांचे तेलाचे घाणे होते आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. हे नाव मला फार आवडतं. शेजाऱ्यानं शेजाऱ्याचा धर्म कसा ओळखला? घाण्याचा आवाज कोणत्या दिवशी येत नाही, त्यावरून. आणि त्यांच्या धर्माज्ञेत विश्रांती माणसापुरती नाही, बैलालाही आहे. शब्बाथ, म्हणजे हा विश्रांतीचा शनिवार, काटेकोर पाळणारा ज्यू आजही त्या दिवशी गाडीला किल्ली लावत नाही.

आमच्याकडं बैलांचा वार सोमवार. महादेवाचा वार, नंदीचा वार. औत नाही, गाडी नाही. आजोबा तर पेरणीच्या ऐन घाईतही सोमवारी खांद्यावर जू ठेवू देत नसत. बैल लिंबाखाली रवंथ करत बसायचे आणि घरातली माणसंही जरा सैल व्हायची. ट्रॅक्टर आला आणि सोमवार गेला. ट्रॅक्टरचा हप्ता सोमवारीही चढतच असतो.

सोमवारवरून शेजारचे अण्णा आठवले. 1986 चा पावसाळा, रविवारची रात्र. आईला गोठ्यात फुरसं चावलं. गावात फटफट्या मोजून तीन-चार, त्यातली एक अण्णांची राजदूत. त्यांनी एका शब्दानं काही विचारलं नाही. पुढं अण्णा, मागं आमचे दादा, मधे आई. ती कलंडू नये म्हणून धोतरानं तिघांना एकत्र बांधलं. मांजरसुंब्याचा घाट त्यांनी भर पावसात, फटफटीच्या मिणमिणत्या उजेडात उतरला. मी सकाळच्या पहिल्या एसटीनं दवाखान्यात पोचलो, तेव्हा आईला लस देऊन झाली होती आणि डॉक्टर म्हणाले होते, वेळेत आणलंत.

अण्णा व्हरांड्यात भिंतीला टेकून बसले होते. अंगावरचे कपडे अजून ओले. दादांनी पेट्रोलचे पैसे पुढं केले, तर त्यांनी दादांची मूठ मिटवून त्यांच्याच खिशात घातली. दादा म्हणाले, "तुम्ही आता घरी जावा. रानातलं काम खोळंबलं असंल."

अण्णा जरा सरकले आणि शेजारी मला जागा करून दिली. म्हणाले, "दादा, आज सोमवार हाय. बैलं सुटलेलीच हायेत. मला कशाची घाई?"

दिवस मावळेपर्यंत ते तिथंच बसून होते.