पगाराची गरज नाही म्हणणाऱ्या गुरुजींनो...

गेल्या काही वर्षांत आपल्या नाशकात एक नवीन टूम निघाली आहे. पंचेचाळिशी-पन्नाशीतला माणूस कंपनीतून बाहेर पडतो, कुणी व्हीआरएस घेऊन, कुणी साहेबाला कंटाळून, आणि फेसबुकवर जाहीर करतो की आता सेकंड इनिंग, आता मुलांना शिकवणार. खाली बदामांचा पाऊस. 'सलाम सर', 'समाजऋण फेडताय'. आणि अशा बऱ्याच पोस्टींच्या शेवटी एक वाक्य हमखास असतं: पैशासाठी करत नाहीये, पगार किती का मिळेना, चालेल.

माझं भांडण या शेवटच्या वाक्याशी आहे. लोकांना ते मोठं मनाचं वाटतं. मला ते निव्वळ घातक वाटतं.

उशिरा शिक्षक होण्याला माझा विरोध असायचं कारणच नाही. सातपूर एमआयडीसीत सतरा वर्षं क्वालिटीमध्ये काढून, एक्केचाळिसाव्या वर्षी बी.एड. पूर्ण करून मीही याच वाटेने आलोय. सहा वर्षं झाली, एका विनाअनुदानित शाळेत सातवी ते दहावीला गणित-विज्ञान शिकवतो. तेव्हा आतून बघितलेलं सांगतो.

शाळेच्या स्टाफरूममध्ये हे 'चालेल' काय करतं ते बघा. सत्तावीस वर्षांची एम.एस्सी. बी.एड. मुलगी, टीईटी पास, महिन्याला अकरा हजारांवर काम करते. सिडकोत भाड्याची खोली, गावाकडे आई-वडील. ती पगारवाढ मागायला गेली की संस्थाचालक काय म्हणतात? 'मॅडम, ते अमुक सर बघा, एवढ्या मोठ्या कंपनीत मॅनेजर होते, निम्म्या पैशात आनंदाने शिकवतात. सेवाभाव पाहिजे.' झालं. तुमचा फ्लॅट फिटलाय, तुमची मुलगी अमेरिकेत आहे, तुम्हाला पगाराची गरज नाही हे खरंच. पण त्या मॅडमला आहे, आणि तिच्या पगाराचा भाव तुम्ही पाडला. गवंड्याच्या नाक्यावर उभं राहून कुणी म्हणालं, 'मी हौसेखातर फुकट भिंत बांधतो', तर बाकीचे गवंडी त्याला दोन मिनिटं उभा राहू देतील का? शिक्षक मात्र त्याच्या हातात गुच्छ देतात.

आणि फी? पालकांकडून फी पूर्ण घेतली जाते बरं का. तिथे कुणाचा सेवाभाव आड येत नाही.

१९७७ चा खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांचा सेवाशर्ती कायदा आहे. मान्यताप्राप्त खाजगी शाळा नियमातल्या वेतनश्रेणीपेक्षा कमी देत असेल तर ते वेतन त्या पातळीवर आणायला लावण्याची तरतूद त्या कायद्यातच आहे. नवीन कायदा मागायची गरज नाही, आहे तोच वापरायचाय. तो वापरायला तक्रार करणारा माणूस लागतो. सत्तावीस वर्षांची मुलगी तक्रार करू शकत नाही, कारण दुसऱ्या दिवशी तिला घरी बसवतील. तक्रार करू शकतो तो ज्याचं पोट या पगारावर नाही, म्हणजे तुम्ही! आणि तुम्हीच 'चालेल' म्हणून सही करता.

दुसरी गोष्ट, 'इंडस्ट्रीचा अनुभव'. याचं फार कौतुक असतं. अनुभवाचा उपयोग होतो, नाही असं नाही. व्हर्नियर कॅलिपर मी हातात आयुष्यभर धरलाय, तो मुलांच्या हातात देताना मला पुस्तक उघडावं लागत नाही. एक जॉब अर्ध्या मिलिमीटरने चुकला की अख्खी बॅच कशी परत येते, हे सांगितलं की मोजमापाचा धडा मुलं विसरत नाहीत. पण सातवीतल्या पोराने विचारलं, 'सर, वजा गुणिले वजा अधिक का?', तिथे सतरा वर्षांचा अनुभव काडीच्या उपयोगाचा नाही. 'नियम आहे, पाठ कर' म्हणणं सोपं. तीन गुणिले वजा दोन, दोन गुणिले वजा दोन, एक, शून्य असं फळ्यावर खाली खाली उतरत उत्तराचा नमुना त्यालाच बघायला लावायचा, हे मी बी.एड.च्या सराव पाठात शिकलो, माझ्यापेक्षा चौदा वर्षांनी लहान असलेल्या सहाध्यायी मॅडमकडून. म्हणून 'आम्हाला कशाला पाहिजे बी.एड., आम्ही शंभर माणसं सांभाळलीत' असं कुणी म्हणालं की मला हसू येतं. ती शंभर माणसं पगारासाठी ऐकत होती. नववी ब तुमचं कशासाठी ऐकेल?

तेव्हा बी.एड., टीईटी यातून सूट नको, कुणालाच नको. आता सरकारकडे वळतो, कारण खरी चीड तिथे आहे.

जिल्हा परिषद किंवा महापालिकेच्या शाळेत शिक्षक व्हायचं तर वय खुल्या प्रवर्गात ३८ आणि मागासवर्गीयांसाठी ४३ च्या आत लागतं. शिक्षक भरतीची अभियोग्यता चाचणी, म्हणजे आपली टेट, पहिली झाली डिसेंबर २०१७ मध्ये. दुसरी? थेट २०२३ मध्ये. पहिल्या परीक्षेला पस्तिशीत असलेला माणूस दुसरी येईपर्यंत चाळिशीत पोचला. वय त्याचं वाढलं, पण उशीर सरकारने केला.

बरं, वयाचा एवढाच बाऊ असेल तर जुलै २०२३ मध्ये याच सरकारने काय केलं? जिल्हा परिषद शाळांतल्या रिकाम्या जागांवर सेवानिवृत्त शिक्षक कंत्राटी घ्यायचं ठरवलं. मानधन २० हजार, कमाल वय ७०. म्हणजे एकूणसत्तरीचे आजोबा सुरगाण्याच्या पाड्यावर चालतात, पण चाळिशीचा बी.एड., टीईटी पास माणूस 'वयाधिक'! हे गणित मला तरी फळ्यावर सोडवून दाखवता येणार नाही. कारण एकच दिसतं. कंत्राटी माणूस स्वस्त पडतो, कायमचा महाग पडतो.

पेन्शनचं कारण सांगू नका. नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना जुनी पेन्शनच नाही, जेवढी वर्षं कापून घ्याल तेवढ्याचं मिळेल. ४२ व्या वर्षी लागलेला माणूस ५८ पर्यंत सोळा वर्षं शिकवेल. सोळा वर्षं म्हणजे पहिली ते दहावीची दीड फेरी, आणखी काय पाहिजे?

सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ उरलेल्या, सेवेतल्या शिक्षकांनीही दोन वर्षांत टीईटी पास व्हावं. त्यावरून बराच गदारोळ झाला, त्यात मी पडत नाही. पण पन्नाशीतल्या शिक्षकाला 'परीक्षा देऊन लायकी सिद्ध कर' म्हणता येत असेल, तर लायकी आधीच सिद्ध केलेल्या चाळिशीच्या माणसाला दारातून परत का पाठवता? यूजीसीने तर २०२२ मध्ये 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस' आणलं. पंधरा वर्षांचा अनुभव दाखवा, पीएच.डी.शिवाय कॉलेजात शिकवा. तेही कंत्राटीच, पण निदान उद्योगातला माणूस लागतो हे मान्य तरी केलं.

आता माझे डी.एड., बी.एड.वाले तरुण मित्र कमेंटमध्ये येतील: सर, आम्ही रांगेत उभे, त्यात तुम्ही म्हातारे कुठे घुसवता? रास्त प्रश्न आहे. पण ही रांग गुणांची आहे. टेटमध्ये दोनशेपैकी जास्त मिळाले त्याने पुढे जावं, केस काळे की पांढरे ते बघू नये. तुमची जागा मी खात नाही. रिकामी ठेवलेली जागा खाते, कंत्राटी आदेश खातो आणि 'पगार कितीही चालेल' म्हणणारा माणूस खातो. आणि निवड झालीच तरी पहिली तीन वर्षं शिक्षण सेवक म्हणून १६ ते २० हजारांवर. त्यात ना पंचविशीच्या माणसाचं लग्न निभतं, ना चाळिशीच्या माणसाचा हप्ता. हे भांडण आपलं एकत्र आहे.

नाशिक विभागाच्या शिक्षक मतदारसंघातून आपण विधान परिषदेवर आमदार पाठवतो. निवडणुकीत पाकिटं, पैठण्या यांची चर्चा होते. वयोमर्यादेवर आणि विनाअनुदानित शाळांतल्या पगारावर लेखी प्रश्न कधी विचारणार, हे एकदा त्यांच्या पेजवर जाऊन विचारा. मी विचारलंय, उत्तर आलं की इथेच टाकतो.

आणि ज्यांना नोकरी सोडून शिकवायला यायचंय त्यांनी बी.एड. सीईटी, सराव पाठ, सगळं बिनधास्त इनबॉक्समध्ये विचारा. पहिली ते पाचवीला बी.एड. चालत नाही, २०२३ च्या निकालानंतर त्यासाठी डी.एल.एड. लागतं, एवढं आधी लक्षात घ्या. आणि मुलाखतीला जाताना वेतनश्रेणीचा कागद खिशात ठेवा. 'अपेक्षा किती?' विचारलं की तो टेबलावर ठेवा.