खुर्ची कशाला, सोबत हवी!

मुलगा-सून अमेरिकेत, हे आता आपल्या वर्ध्यात नवलाचं राहिलं नाही. रामनगर असो, सिव्हिल लाइन्स असो की तिकडे हिंगणघाट-आर्वी, एप्रिल-मे आला की आई-बाबांची जोडी निघतेच. आणि तिकीट काढताना मुलगा एक गोष्ट हमखास करतो : दोघांसाठीही व्हीलचेअर मागून ठेवतो. काकांचे गुडघे ठणठणीत, रोज सकाळी हनुमान टेकडीवर चक्कर. तरी खुर्ची!

मुलाची अडचण मला समजते. खुर्ची ढकलणारा माणूस सोबत असला की गेट चुकत नाही, रांगेत बोलायला कोणीतरी असतं. म्हणजे पाहिजे असतो वाट दाखवणारा, मागतो आपण खुर्ची. कारण खुर्ची फुकट मिळते.

पण राजेहो, खुर्च्या मोजक्या असतात. १२ फेब्रुवारी २०२४ ची गोष्ट आठवा. न्यूयॉर्कहून मुंबईला आलेल्या एअर इंडियाच्या विमानातलं एक वयस्कर जोडपं. पत्नीला खुर्ची मिळाली, ऐंशी वर्षांच्या पतीला थांबायला सांगितलं. तिला एकटं सोडायचं नाही म्हणून ते सोबत चालत निघाले, इमिग्रेशनपाशी कोसळले आणि गेले. त्या विमानात खुर्ची मागणारे ३२ आणि खुर्च्या १५, असं तेव्हा बातम्यांत आलं होतं. डीजीसीएने कंपनीला ३० लाखांचा दंड केला. चूक कंपनीचीच, आणि त्या ३२ जणांवर मला संशयही घ्यायचा नाही. पण धडधाकट माणूस खुर्चीत बसतो तेव्हा ती कोणाची तरी कमी होते, हे हिशेब न शिकलेल्यालाही कळतं.

मला जास्त खटकते ती यामागची वृत्ती. आई-बाबांना शिकवण्यापेक्षा त्यांना सामानासारखं पोचवणं सोपं वाटतं. नागपूरहून दोहामार्गे जा की मुंबईहून, घर सोडल्यापासून दीड दिवस सहज जातो. त्या दीड दिवसात काकूंच्या पर्समध्ये काय असतं? सुपारीची डबी. पासपोर्ट काकांकडे, मुलाचा पत्ता आणि फोन नंबरही काकांच्याच मोबाइलमध्ये. दोन खुर्च्या दोन दिशांना गेल्या तर? पासपोर्ट ज्याचा त्याच्याजवळ, पत्ता कागदावर लिहून, गोळ्या हातातल्या बॅगेत, एवढं तरी करा. आणि अधिकारी विचारतो ते साधंच असतं : कोणाकडे आलात, किती दिवस राहणार. काकूंनाही ते सांगता येतं, फक्त घरी दोन-चारदा म्हणवून घ्यावं लागतं. गोरसपाकाचे डबे न्या, पण खाण्याचे पदार्थ आहेत म्हणून सांगा. लपवलेलं फळ सापडलं तर दंड बसतो. विमानात तासा-दोन तासांनी उठून चाला. इतका वेळ बसून पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. खुर्चीची सवय लागलेला माणूस तिथेही उठत नाही, ते वेगळंच.

मग पहिला दिवस. न्यू जर्सीत उन्हाळ्यात दुपारचे तीन वाजलेले असतात, तेव्हा वर्ध्यात रात्रीचे साडेबारा. डोळे मिटतात, आणि मध्यरात्री टक्क जाग. दुसऱ्या सकाळी मुलगा ऑफिसला जाताना सांगतो, ‘बाबा, कशालाच हात लावू नका.’ झालं! काकू फोडणी घालतात, धुराचा अलार्म बोंबलतो, दोघंही घाबरून बसतात. त्यापेक्षा पहिल्याच दिवशी उजेड असताना त्यांना बाहेर न्या. दार कसं उघडतं, अलार्म कसा बंद होतो, ९११ कधी लावायचा हे दाखवा, आणि एक चक्कर दोघांना दोघांचीच मारू द्या. पहिल्या दिवशी बसलेली भीती सहा महिने उठत नाही. तोवर परतीचं तिकीट येतं.

विमान कंपन्यांनी आणि नागपूर विमानतळानेही खुर्चीशिवाय नुसती ‘सोबत’ मागायची सोय करावी, मराठी-हिंदी बोलणाऱ्या माणसाची. पैसे घेऊन अशी सेवा काही विमानतळांवर मिळते, मग ज्येष्ठांना ती परवडेल अशी का नको? खासदारांकडे रस्ते-नाल्या मागतो, हेही मागू.

तोवर आपल्याकडचे ज्येष्ठ नागरिक संघ अर्ध्या दिवसाचा वर्ग घेऊ शकतात. शिकवायला बाहेरचे तज्ज्ञ कशाला, नुकतेच जाऊन आलेले काका-काकू पुरेत. बोलायची तयारी असलेलं असं कोणी जोडपं तुमच्या ओळखीत असेल तर मला कळवा. दिवाळीनंतर एखाद्या रविवारी हॉल मिळतो का, ते मी बघतो.