हेमंतचर्या आणि एकटा रुग्ण

निफाडचा पारा घसरू लागला की नाशिकमध्ये आरोग्याच्या नवनव्या लाटा येतात. पहाटे थंडगार हिरवा रस, कृषिनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर फेऱ्या, दुपारपर्यंत निराहार आणि अलीकडे तर बर्फाच्या पाण्यात बसणे! आमच्याकडे येणाऱ्यांत हे सर्व करणारे बहुधा नोकरीनिमित्त एकटे राहणारे अविवाहित असतात.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सहाव्या अध्यायात हेमंतातील प्रबळ अग्नीचे वर्णन आहे. त्यास पुरेसे इंधन न मिळाल्यास तो शरीरातील रसच शोषतो व वात प्रकुपित होतो, हे आपण सर्वांनी परीक्षेत लिहिले आहे. परंतु तेथेच अभ्यंग, उबदार शय्या आणि प्रियेचे आलिंगनही सांगितले आहे. सातपूरला खोली घेऊन राहणाऱ्या तरुणास हा उपाय चिठ्ठीवर कसा लिहून द्यावा? अभ्यंगाचे तेल पाठीपर्यंत पोहोचत नाही, ही त्याची तक्रार तर निराळीच.

विनोद सोडला तरी, आपली ऋतुचर्या भरल्या घरास गृहीत धरते. आम्हीही वर्षानुवर्षे रुक्ष त्वचा, मलावष्टंभ, अनिद्रा ऐकताच च्यवनप्राशाची बरणी सुचवली. स्वयंपाक कोण करते, हे विचारले नाही. औषधी दुकानदार मित्रांनी रागावू नये, पण च्यवनप्राश हे रसायन आहे, रात्रीचे जेवण नव्हे.

गेल्या हिवाळ्यात अशा एका रुग्णास आम्ही प्रथम खानावळीचा पत्ता दिला. बाजरीची भाकरी, तूप, उडदाची आमटी, तीही वेळेवर. पंधरवड्यात कोठा सुधारला, झोप लागू लागली. पाठीच्या तेलाचा प्रश्न मात्र अनिर्णित आहे; मातोश्री स्थळे पाहत आहेत, असे कळते.