नाणं कुणाचं, विमान कुणाचं?

प्रशांत महासागरातल्या मार्शल बेटांच्या नावानं १९९१ साली दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांची नाणी निघाली. त्यात बी-२९ पण आहे. हिरोशिमा जाळणाऱ्या जातीचं.

दोस्तांनो, १ जुलै १९४६ला असल्याच बी-२९नं मार्शलच्याच बिकिनीवर अणुबॉम्ब टाकला. त्याआधी अमेरिकेनं तिथली १६७ माणसं उठवली. का, तर म्हणे मानवजातीचं भलं! १९५८पर्यंत या बेटांवर ६७ स्फोट. बिकिनीची माणसं अजून उपरीच.

तिथं बाजारात चालतो अमेरिकन डॉलर. ही नाणी शौकिनांच्या काचेच्या कपाटासाठी. च्यायला, घर जाळणाऱ्याचा छाप, आणि नाव जळलेल्याचं!

छाप काढायचाच तर त्या १६७ जणांचा काढा. तो कपाटात शोभणार नाही. डोळ्यांत खुपेल. खुपू द्या!