जमिनीवरचं विमान

चौलला धावपट्टी नाही. इथल्या पोराला विमान शिकायचं तर बारामती, धुळे किंवा गोंदिया गाठावं लागतं. त्याला माझं कळकळीचं सांगणं एकच: टॅक्सी करताना, म्हणजे विमान जमिनीवर चालवताना, गाफील राहू नकोस. रेवदंड्याच्या खाडीतून होडी बाहेर काढताना तांडेल डोळ्यांत तेल घालून असतो, तसा राहा. छोटं विमान जमिनीवर पायांनी, पेडल दाबून वळवतात. मागून तिरका वारा आला की पंख उचलला जातो, वाऱ्याची दिशा सतत ध्यानात हवी. चेकलिस्ट वाचायची? आधी विमान थांबव. रेडिओवरची सूचना नीट कळली नाही, तर बेधडक पुन्हा विचार, त्यात कमीपणा कसला! २७ मार्च १९७७ रोजी तेनेरिफ बेटावर दाट धुक्यात दोन जंबो जेट धावपट्टीवरच एकमेकांवर आदळली. ५८३ माणसं गेली. त्यातलं एक विमान टॅक्सी करत होतं.