हंगामाची खबर : पैठणी, खण आणि मिलानची चप्पल

मंडळी, गणपती जवळ येऊ लागले की आमच्या फोनला उसंत नसते. "यंदा काय चाललंय हो? पुण्यात काय घेताहेत? सून यायची आहे, तिला काय घेऊ?" न्यूयॉर्कचे फॅशनवाले सप्टेंबरात पुढच्या वसंताचे कपडे दाखवतात आणि फेब्रुवारीच्या बर्फात पुढच्या शरदाचे. आपलं वर्ष त्या मानाने सरळ. गणपतीत रेशीम, नवरात्रात नऊ रंग, दिवाळीला भरजरी आणि संक्रांतीला काळी साडी. (संक्रांतीच्या बाबतीत आपलं पंचांग आणि मिनेसोटाची हवा यांचं अगदी एकमत आहे. काळा रंग ऊब धरतो, आणि जानेवारीत तिथे ऊब लागतेच!)

पण या हंगामात सुरुवात साडीपासून नाही, पायापासून करायची आहे. २०२५ च्या जूनमध्ये इटलीतल्या मिलान शहरात प्राडा या बड्या कंपनीने पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्याचे पुरुषांचे कपडे दाखवले. चालत येणाऱ्या पोरांच्या पायांत काय होतं? अंगठ्याची चप्पल! तोच पट्टा, तीच वेणी, तोच चामड्याचा रंग. कोल्हापूरच्या कुठल्याही शाळकरी पोराने लांबून ओळखली असती. कंपनीने मात्र तिचं वर्णन नुसतं 'चामड्याच्या सँडल' एवढंच केलं होतं. कोल्हापूरचं नाव नाही, भारताचं नाही.

मग काय, एकच गदारोळ. आमच्याकडेही पॉटलकला डाळ-भात बाजूला राहिला आणि तासभर प्राडाचा उद्धार झाला. कोर्टात का खेचत नाहीत, असं बऱ्याच जणांनी विचारलं. तर मंडळी, त्याचं उत्तर असं. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर अशा आठ जिल्ह्यांचा त्यावर हक्क आहे. पण हे मानांकन जपतं ते नाव. दुसरीकडे बनवलेली चप्पल 'कोल्हापुरी' म्हणून विकता येत नाही. प्राडाने तर नावच घेतलं नव्हतं! नाव न घेता घाट उचलला, तर हा कायदा फारसा कामाला येत नाही. मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली, तीही जुलै २०२५ मध्ये फेटाळली गेली. ज्यांच्या नावावर मानांकन आहे त्यांनी यावं, असा न्यायालयाचा रोख होता.

पुढे मात्र गोष्टीला बरं वळण लागलं. आरडाओरडा झाल्यावर कंपनीने मान्य केलं की ही प्रेरणा भारतातल्या हातांच्या चपलांचीच. माणसं कोल्हापूरला येऊन कारागिरांना भेटून गेली. डिसेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांबरोबर करार झाला. आठ जिल्ह्यांतल्या कारागिरांकडून २ हजार जोड करून घ्यायचे, किंमत सुमारे ८०० युरो, असं जाहीर झालं. ८०० युरो! म्हणजे आपल्याकडे नऊशे डॉलरच्या वर. कोल्हापुरात चांगली हाताची जोडी काही हजार रुपयांत मिळते.

आमचं मत विचाराल तर, प्राडाला दोष द्यावाच. पण आपल्याच अधिवेशनाच्या स्टॉलवर हाताने शिवलेल्या जोडीला चाळीस डॉलर सांगितले की "इतके? आमच्या वेळी महाद्वार रोडला..." असं म्हणणारे आपणच ना? आमच्या डोळ्यांदेखत घडलेलं आहे. चामडं कमावणारे ढोर आणि चपला शिवणारे चर्मकार या दोघांच्या श्रमाला गावाने मान दिला नाही, आपण शहरात आलो तरी दिला नाही, आणि इटलीच्या माणसाने उचलली तेव्हा मात्र ती एकाएकी 'आपली संस्कृती' झाली. असो.

घ्यायची असेल तर एवढं बघा. खरी कोल्हापुरी चामड्याच्याच वादीने शिवलेली असते, तिला खिळा नसतो. तळाला रबर किंवा फोम दिसला तर ती नुसती दिसायला कोल्हापुरी. चामडं बाभळीची साल, हिरडा अशा झाडपाल्याने कमावलेलं असतं, म्हणून सुरुवातीला कडक लागतं आणि चावतं. रात्री तेलाचा हात फिरवून ठेवा, चार दिवसांत पायाला बसते. पाण्याशी मात्र तिचं वैर. पार्किंग लॉटमधल्या बर्फाच्या राडीत घालून गेलात तर दोष चपलेचा नाही.

आता साड्या. गेली काही वर्षं पैठणीला पुन्हा सुगी आली आहे. 'होम मिनिस्टर'मध्ये वर्षानुवर्षे वहिनींना पैठणी वाटली गेली, 'गोष्ट एका पैठणीची' या चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि इथल्या पंचविशीतल्या मुलीही आता लग्नात लेहेंग्याऐवजी पैठणी मागतात. आनंदच आहे. पण मागणी वाढली तशी फसवणूकही वाढली, म्हणून इथे जरा थांबू या.

'पैठणी' म्हणून आज जे विकलं जातं त्यातलं बरंचसं यंत्रमागावरचं असतं. 'सेमी पैठणी' असं नाव सांगून दीड-दोन हजार रुपयांत विकणारा दुकानदार निदान खरं बोलतो. दोन हजारांची साडी इथे दीडशे डॉलरला 'अस्सल येवला' म्हणून खपवतात, तिथे खरी गोम आहे. येवल्याच्या हातमागावरची अगदी साधी, लहान पदराची, बारीक बुट्टीची पैठणीसुद्धा दहा-बारा हजार रुपयांच्या खाली मिळणं कठीण. भरलेल्या पदराची असली तर आकडा लाखाच्या पुढे जातो. कारण त्यात वेळ जातो. पैठणीचा पदर यंत्राने छापल्यासारखा उमटत नाही. मोराच्या पिसाऱ्यातला प्रत्येक रंग वेगळ्या छोट्या काडीवर गुंडाळलेला असतो, आणि विणकर तो त्या-त्या जागी हाताने गुंतवत जातो. साध्या साडीला काही आठवडे, भरजरीला कित्येक महिने.

यातूनच ओळखायची खूण मिळते. पदर उलटा करून बघा. हातमागाच्या पैठणीची नक्षी पाठीमागूनही जवळजवळ तशीच, स्वच्छ दिसते. यंत्रमागाच्या साडीत मागे धाग्यांचं जंजाळ असतं, नाहीतर ते कापून टाकल्याच्या कुसळ्या. दुकानदार मागची बाजू दाखवायला का-कू करू लागला, तर तिथेच समजा. दुसरं, काठाच्या अगदी कडेला बारीक टाचणीची भोकं दिसतात का पाहा. विणताना कापड ताणून धरल्याच्या त्या खुणा. तिसरी गोष्ट सांगून ठेवतो, कारण इथे पुष्कळ जण गोंधळतात. साडीवर 'सिल्क मार्क'चं लेबल असलं म्हणजे रेशीम खरं, एवढाच त्याचा अर्थ. साडी हातमागावरची आहे असं ते लेबल सांगत नाही. त्यासाठी 'हँडलूम मार्क' वेगळा असतो. जर बहुतेक सुरतेहून येते आणि आजकाल खऱ्या सोन्याचांदीची क्वचितच असते. आजीच्या पैठणीशी तुलना करून नव्या साडीला नावं ठेवू नका.

पैठण आणि येवला या दोन गावांच्या पैठणीला २०१० मध्येच भौगोलिक मानांकन मिळालं आहे. पण मागावर बसणाऱ्याच्या पोटापाण्याचं काय? २०१९-२० च्या हातमाग गणनेत देशभरात ३५ लाखांच्या वर माणसं या धंद्यात आढळली, त्यांतल्या सत्तर टक्क्यांहून अधिक बायका. आणि विणकर घरांपैकी जवळजवळ दोन-तृतीयांश घरांचं उत्पन्न महिन्याला ५ हजार रुपयांच्या आत. पोरं मागावर बसायला तयार नाहीत यात नवल ते काय! दीडशे डॉलरच्या खोट्या पैठणीत यांना एक पैसा जात नाही. म्हणून आमचा सल्ला असा की बजेट कमी असेल तर खोटी पैठणी घेण्यापेक्षा खरी इरकल घ्या. नारायणपेठ घ्या. विदर्भातली करवतकाठी घ्या, जिच्या काठाला करवतीचे दात असतात आणि जी आपल्यातल्या अर्ध्या जणींनी पाहिलेलीसुद्धा नाही. हातमागाचीच मिळेल, खिशाला परवडेल.

खणाबद्दल दोन शब्द. खणाचे ड्रेस, खणाचे कुडते, खणाच्या पर्सेस, इतकंच काय गणपतीच्या मखरालाही खण! मूळ खण हे चोळीचं कापड. पन्हा लहान, ताणा रेशमी आणि बाणा सुती, आणि गाव बागलकोट जिल्ह्यातलं गुळेदगुड्ड. 'पारंपरिक खणाची साडी' अशी जाहिरात दिसली तर हसून सोडून द्या, कारण खणाच्या साड्या हे अलीकडचं खूळ आहे. खूळ चांगलं आहे, आम्हालाही आवडतं. फक्त परंपरेचं नाव सांगून जास्त पैसे घेऊ नयेत.

ज्यांना न्यूयॉर्कची वारी करायची आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. अनिता डोंगरे यांनी २०१७ मध्ये सोहोत दुकान काढलं, आणि २०२२ च्या ऑक्टोबरात सब्यसाची मुखर्जी यांनी ख्रिस्तोफर स्ट्रीटवर. दोन्हीकडे बघायला पैसे पडत नाहीत. घ्यायला मात्र घर गहाण टाकावं लागेल. आम्हाला खरं कौतुक वाटतं ते वैशाली शडांगुळे यांचं. विदिशासारख्या गावातली ही मुलगी मुंबईत आली, आणि २०२१ च्या जुलैमध्ये पॅरिसच्या ओत कुत्यूर आठवड्यात तिने आपले कपडे दाखवले. तिथवर पोचलेली ती पहिली भारतीय स्त्री डिझायनर. आणि तिचं आवडतं कापड कुठलं? आपला खण! ज्या कापडाच्या चोळ्या आज्या घालत, त्याचे पॅरिसमध्ये झगे होतात. मुलींना दाखवा.

एरवी आपली खरेदी ओक ट्री रोड, डेव्हन अव्हेन्यू, आर्टेशियाचा पायोनियर बुलेव्हार्ड इथेच व्हायची. तिथे पंजाबी, गुजराती आणि दाक्षिणात्य माल भरपूर, मराठी काठापदर शोधावा लागतो. म्हणूनच आपल्या मंडळांतल्या ज्या भगिनी नोकरी सांभाळून बेसमेंटमध्ये साड्यांचं प्रदर्शन मांडतात, त्यांना आम्ही या अंकात खास हात जोडतो. त्यांचं काम अलीकडे अवघड झालं आहे. पूर्वी ८०० डॉलरपर्यंतचं पार्सल जकातीशिवाय येत असे. २९ ऑगस्ट २०२५ पासून ती सवलत बंद झाली. त्याच सुमारास भारतीय टपाल खात्याने अमेरिकेची पार्सलंच थांबवली, ती ऑक्टोबरच्या मध्यावर पुन्हा सुरू झाली. ऐन नवरात्र त्यात गेलं. जकातीचे दर त्यानंतरही वर-खाली होत राहिले आहेत, तेव्हा मागवण्याआधी पाठवणाऱ्याला "जकात कोण भरणार?" हे स्पष्ट विचारून घ्या. आणि प्रदर्शनात गेलात की "अगं, तुळशीबागेत तर..." हे वाक्य गिळून टाका. तुळशीबागेला विमानाचं भाडं पडत नाही.

नवरात्राच्या नऊ रंगांचीही चौकशी होते. ही प्रथा पुराणातली नव्हे. या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत महाराष्ट्र टाइम्सने ती रूढ केली, वारांवरून रंग ठरवून. लोकलमधल्या बायकांना मजा वाटली आणि ती सातासमुद्रापार आली. हौस जरूर करा, पण त्यासाठी नऊ पॉलिएस्टरच्या साड्या विकत घेऊ नका. एक ओढणी, एक पोलकं, मैत्रिणीची उसनी साडी, यावर नऊ दिवस छान निघतात.

आणि ट्रंकेतल्या पैठणीचं काय? "काकू, आईची पैठणी कापून लेहेंगा शिवू का?" असं दोघींनी विचारलंय. साडी घडीवर विरली असेल, हात लावला की फाटत असेल, तर बेलाशक कापा. काठ आणि पदर वाचवा, नव्या कापडाला लावा. साडी धड असेल तर कात्री दूर ठेवा. मलमलच्या कापडात गुंडाळा, दर तीन-चार महिन्यांनी घडी मोडून नवी घाला, डांबराच्या गोळ्या जरीला लागू देऊ नका. मुलीला नेसता येत नसेल तर एक रविवार काढा आणि शिकवा. शिवलेल्या साडीला आमचा विरोध नाही, पण नऊवारी शिवायला सव्वाशे डॉलर मोजून वर ती कमरेत घट्ट होते, हे आम्ही प्रत्येक गणपतीत बघतो.

संक्रांतीसाठी हातमागाची काळी पैठणी हवी असेल तर ऑर्डर आत्ताच द्या. दिवाळीनंतर सांगितलीत तर माग मोकळा नसतो. फॉल-पिको तिकडूनच करून आणा, इथे तेवढ्यासाठी पंधरा-वीस डॉलर मागतात. पुढच्या अंकात मुंजी आणि लग्नांच्या हंगामासाठी फेटे, उपरणी आणि मुलांचे कद यांची खबर घेऊ.