बघ्यांच्या गर्दीत आपण नको!

रस्त्यात अपघात झाला की क्षणात गर्दी जमते. दोघे-चौघे मदतीला धावतात, कोणी रिक्षा थांबवतं, कोणी पाणी आणतं. उरलेले सगळे बघे! ‘बघे’ हा शब्द मराठीत कुणी कौतुकानं वापरत नाही. माणूस तडफडत असताना नुसतं बघत उभं राहणं बरं नव्हे, एवढं आपल्या भाषेलाही कळतं. पण मैत्रिणींनो, हल्ली बघ्यांच्या गर्दीला रस्ता लागत नाही. ओट्याशेजारी चार्जिंगला लावलेल्या मोबाइलमध्ये ती केव्हाच जमलेली असते आणि तिच्यात आपणही उभ्या असतो.

मी बोलतेय ते युद्धात किंवा दहशतवादी हल्ल्यात ओलीस धरलेल्या माणसांच्या व्हिडिओंबद्दल. हात बांधलेली, डोळ्यांवर पट्टी असलेली, गुडघ्यांवर बसवलेली माणसं. जिवाची भीक मागणारी. आणि पुढचं... ते मी इथं लिहिणार नाही. ‘काळीज घट्ट करून बघा आणि सगळ्यांना पाठवा’ अशी ओळ वर घालून या क्लिप येतात. सकाळचा सुविचार आणि साबुदाणा वड्यांची रेसिपी यांच्या मधोमध!

‘ओलीस’ हा शब्द आपल्याला शाळेत इतिहासाच्या तासाला भेटलेला. १७९२ मध्ये श्रीरंगपट्टणचा तह झाला तेव्हा टिपू सुलतानाची दोन लहान मुलं इंग्रजांनी ओलीस ठेवून घेतली आणि १७९४ मध्ये परत केली. क्रूरच होता तो व्यवहार. पण त्यात पक्ष दोनच होते, ठेवणारा आणि सोडवणारा. आता त्यात तिसरा पक्ष आलाय. तो म्हणजे प्रेक्षक. म्हणजे आपण!

हे कसं झालं ते समजायला डॅनियल पर्लची गोष्ट आठवावी लागेल. अमेरिकेतल्या ‘वॉल स्ट्रीट जर्नल’चा हा पत्रकार. दक्षिण आशियाचा प्रतिनिधी म्हणून आपल्या मुंबईत राहून काम करायचा. २३ जानेवारी २००२ ला कराचीत त्याचं अपहरण झालं. त्याची बायको मारियान तेव्हा गरोदर होती. आधी अपहरणकर्त्यांनी त्याचे फोटो ईमेलनं पाठवले. महिन्याभरात त्याच्या हत्येची चित्रफीतच बाहेर आली. दाखवू नका म्हणून घरच्यांनी विनवूनसुद्धा मे महिन्यात अमेरिकेतल्या सीबीएस वाहिनीनं त्यातला काही भाग दाखवला. त्याच मे महिन्यात मारियाननं मुलाला जन्म दिला.

मला सांगा, एका निःशस्त्र माणसाला मारायला कॅमेरा कशाला लागतो? तो लागतो आपल्यासाठी. ज्याला मारलं त्याच्याशी मारेकऱ्याचं फारसं काही देणंघेणं नसतं, त्याला आपल्याला घाबरवायचं असतं, चिडवायचं असतं, एकमेकांविरुद्ध उठवायचं असतं. बघणारं कोणी नसेल तर त्या व्हिडिओची किंमत शून्य. म्हणजे गुन्ह्याचा पहिला भाग तो करतो आणि दुसरा भाग घरोघरी पोचवण्याचं काम, एक पैसा न घेता, आपण करतो.

आणि तो दुसरा भागही जीव घेतो बरं का! ऑगस्ट २००४ मध्ये इराकमध्ये १२ नेपाळी कामगारांना धरून ठार मारलं गेलं. पोटासाठी परदेशी गेलेली ही गरीब घरची पोरं. त्यांचा ना त्या युद्धाशी संबंध, ना राजकारणाशी. त्यांच्या हत्येचा व्हिडिओ ३१ ऑगस्टला बाहेर आला आणि दुसऱ्याच दिवशी काठमांडू पेटलं. तिथल्या मशिदीवर हल्ला झाला, परदेशी नोकऱ्या लावून देणाऱ्या एजन्सींच्या कचेऱ्या फोडल्या, संचारबंदी लावावी लागली. ज्यांच्यावर राग निघाला ते काठमांडूतले शेजारीपाजारी. त्यांनी काय केलं होतं? आपल्याकडेही २०१३ मध्ये उत्तर प्रदेशातल्या मुझफ्फरनगरच्या दंगलीआधी जमावानं दोन मुलांना मारतानाची एक क्लिप फिरली. इथलीच घटना म्हणून ती फिरवली गेली. प्रत्यक्षात ती होती पाकिस्तानातल्या सियालकोटची, २०१० सालची! त्या दंगलीत साठाहून जास्त माणसं गेली, हजारो कुटुंबं गाव सोडून छावण्यांत राहिली. क्लिप पुढे पाठवणाऱ्यांपैकी किती जणांनी ती नेमकी कुठली, कधीची हे विचारलं असेल?

नुसतं बघण्यानं काय होतं, हे तर आपण मुंबईकरांनी २६ नोव्हेंबर २००८ नंतरच्या त्या तीन दिवसांत अनुभवलंय. ताजमध्ये, ओबेरॉयमध्ये, नरिमन हाउसमध्ये माणसं अडकलेली आणि आपण टीव्हीसमोर खिळलेले. कमांडो कुठून उतरतायत तेसुद्धा थेट दिसत होतं. तेच टीव्ही बघून पाकिस्तानात बसलेले सूत्रधार आतल्या अतिरेक्यांना फोनवर सूचना देत होते. पुढे २०१२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं वाहिन्यांच्या या थेट प्रक्षेपणावर कडक ताशेरे ओढले आणि २०१५ मध्ये नियम झाला, की दहशतवाद्यांविरुद्धची कारवाई चालू असताना थेट प्रक्षेपण करायचं नाही. वाहिन्यांना नियम लागला. आपल्या मोबाइलचं काय? तिथं तर प्रत्येक जण स्वतःच एक वाहिनी आहे!

बचत गटाच्या एका बैठकीनंतर आमच्या वस्तीतली एक जण मागे थांबली. म्हणाली, “ताई, माझी सातवीतली मुलगी पंधरा दिवस झाले एकटी झोपत नाही. दिवा बंद केला की रडते.” खोदून विचारल्यावर कळलं, नातेवाइकांच्या ग्रुपवर एका काकांनी तसली क्लिप टाकली होती. मुलीनं अभ्यासाचा फोटो बघायला आईचा मोबाइल घेतला आणि ते आपोआप उघडलं. काकांचा हेतू वाईट नव्हता हो. ‘जगात काय चाललंय ते मुलांनाही कळू दे’ एवढंच त्यांचं म्हणणं. पण त्या पोरीनं आईला विचारलं काय, तर “त्या माणसाच्या घरी कोणी असेल का गं? त्यांनी पण हे बघितलं असेल का?”

त्या ग्रुपवर वीस-पंचवीस मोठी माणसं होती. हा प्रश्न त्यांच्यापैकी कुणालाच पडला नाही, एका लहान मुलीला पडला.

हो, घरी कोणीतरी असतंच. ७ ऑक्टोबर २०२३ ला हमासनं इस्रायलमधून सुमारे २५० जणांना पळवून गाझामध्ये नेलं. त्यात म्हाताऱ्या बायका होत्या, तान्हं मूलही होतं. आपलं माणूस पळवलं गेलंय हे कित्येक घरांना फिरणाऱ्या व्हिडिओंमधूनच कळलं. एका आजींना मारल्यावर हल्लेखोरांनी त्यांच्याच फोनवरून ते दृश्य त्यांच्याच फेसबुकवर टाकलं आणि नातीनं ते तिथं पाहिलं. कल्पना तरी करवते का? आजीच्या नावानं आलेली पोस्ट आपण किती प्रेमानं उघडू! त्याच महिन्यात इस्रायलमधल्या अनेक शाळांनी पालकांना कळवलं, की ओलिसांचे व्हिडिओ येण्याची भीती आहे, मुलांच्या फोनवरून टिकटॉक, इन्स्टाग्राम काढून टाका. आणि हे एकाच बाजूचं दुःख नव्हे. डिसेंबर २०२३ मध्ये गाझात इस्रायली सैन्यानं पकडलेल्या पॅलेस्टिनी पुरुषांचे, अंगावर फक्त आतले कपडे ठेवून रांगेत बसवलेले फोटो जगभर फिरले. त्यांनाही आया होत्या, बायका होत्या, लेकी होत्या. अब्रूला देश नसतो.

खरं तर हे सगळं जगाला फार आधी कळलं होतं. दुसऱ्या महायुद्धानंतर, ऑगस्ट १९४९ मध्ये जे जिनिव्हा करार झाले, त्यातला चौथा करार युद्धात सापडलेल्या नागरिकांसाठी आहे. त्याचं ३४वं कलम अगदी छोटं आहे : ओलीस धरायला मनाई. आणि २७वं कलम सांगतं, की ताब्यातल्या नागरिकांना हिंसेपासून आणि धमक्यांपासून तर जपायचंच, पण अपमानापासून आणि लोकांच्या कुतूहलापासूनही जपायचं. लोकांचं कुतूहल! मोबाइल सोडा, टीव्हीसुद्धा घरोघरी पोचला नव्हता त्या काळी. तरी ते कलम लिहिणाऱ्यांना कळलं होतं, की असहाय माणसाला गर्दीच्या नजरेपुढे उभं करणं हासुद्धा एक मारच आहे.

आता कोणी म्हणेल, “वहिनी, डोळे मिटून घेतले म्हणजे अत्याचार थांबतात का? सत्य लपवायचं का?” प्रश्न रास्त आहे. व्हिएतनाममध्ये नापाम बॉम्बनं भाजलेली, रस्त्यावरून धावत सुटलेली मुलगी १९७२ मध्ये एका फोटोतून जगानं पाहिली आणि युद्धाचं खरं रूप लोकांपुढे आलं. तो फोटो दडवायला हवा होता असं मी म्हणणार नाही. पण तिथं कॅमेरा होता पत्रकारांच्या बाजूला. बॉम्ब टाकणाऱ्यांना तो फोटो नकोच होता! ओलिसांच्या व्हिडिओत कॅमेरा असतो छळणाऱ्याच्याच हातात, आणि तो व्हिडिओ पसरावा ही त्याचीच इच्छा असते. म्हणून पहिला प्रश्न हा विचारायचा : हे चित्रण कोणी केलं, आणि कशासाठी? दुसरा प्रश्न : यातल्या माणसाच्या घरच्यांना हे लोकांनी बघावं असं वाटतं का? गाझातल्या ओलिसांच्या काही नातेवाइकांनी आपल्या माणसाचा व्हिडिओ स्वतः होऊन जगापुढे ठेवला, का तर सरकारवर सुटकेसाठी दबाव यावा. तो त्यांचा अधिकार. आपला नव्हे. पुराव्याचं म्हणाल तर पुरावा तपास करणाऱ्यांकडे, न्यायालयाकडे जायला हवा. भिशीच्या ग्रुपवर आलेल्या क्लिपनं आजवर कोणाला न्याय मिळाला?

न बघणं म्हणजे पाठ फिरवणं नव्हे, हेही लक्षात घ्या. जेम्स फोली या अमेरिकन पत्रकाराच्या हत्येचा व्हिडिओ ऑगस्ट २०१४ मध्ये आयसिसनं टाकला, तेव्हा कितीतरी लोकांनी तो न पाहण्याचा, न पाठवण्याचा निश्चय केला आणि त्याऐवजी फोलीचा काम करतानाचा फोटो लावला. मारेकऱ्याला हवं होतं तसं नाही, तर तो माणूस जगला तसा त्याला लक्षात ठेवायचं! त्याच उन्हाळ्यात इराकमध्ये अडकलेल्या ४६ भारतीय परिचारिका जुलैमध्ये सुखरूप केरळात परतल्या. त्यांच्याबद्दल आपण किती बोललो? आणि मोसुलमध्ये त्याच जूनमध्ये धरले गेलेले आपले ३९ मजूर? बहुतेक पंजाबातले. त्यांच्या घरच्यांनी जवळजवळ चार वर्षं वाट पाहिली. मार्च २०१८ मध्ये ते सगळे मारले गेल्याचं संसदेत जाहीर झालं आणि कित्येक घरांना ते टीव्हीवरूनच कळलं. कळवळा दाखवायचाच तर अशा घरांची आठवण ठेवण्यात दाखवावा. ती माणसं का गेली होती, कोणत्या एजंटांनी पाठवली, मागे राहिलेल्या बायकांचं पुढे काय झालं, हे विचारावं. तसलं वाचायला वेळ लागतो. क्लिप पाठवायला एक सेकंद पुरतो.

मग आपण बायकांनी काय करायचं? फार अवघड काही नाही. मोबाइलमध्ये फोटो-व्हिडिओ आपोआप उतरवून घेण्याची सोय असते, ती आजच बंद करा. जमत नसेल तर घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाकडून करून घ्या. अशी क्लिप आली तर ती उघडू नका, पुढे पाठवू नका, पुसून टाका. ज्यांनी पाठवली त्यांना ग्रुपवर सगळ्यांदेखत न बोलता एकट्यांना फोन करा. “भावजी, घरात लहान मुलं मोबाइल हाताळतात, असं नका ना पाठवू,” एवढं म्हणायला काय हरकत आहे? मोठ्यांना उलट बोलल्यासारखं होईल म्हणून आपण गप्प बसतो. पण लग्नात मेन्यूवर मत देताना नाही ना गप्प बसत! आणि मुलांनी काही पाहिलंच असेल तर ‘तू कशाला बघितलंस?’ म्हणून ओरडू नका. ओरडलं की ते पुढच्या वेळी सांगत नाहीत, नुसते दिवा चालू ठेवून झोपतात. जवळ घ्या, काय पाहिलं ते बोलू द्या, आणि ते खोटं आहे असं सांगू नका. खरं आहे, वाईट आहे, आणि ते थांबवण्यासाठी झटणारी माणसंही जगात आहेत, हे सांगा. २६/११ च्या त्या रात्रीनंतर नरिमन हाउसमधून दोन वर्षांच्या मोशेला छातीशी धरून बाहेर पळालेल्या सँड्रा सॅम्युएलची गोष्ट सांगा. घरकामाला असलेली बाई ती. बघत उभी नाही राहिली.

आज रात्री जेवणं झाली, की टीव्ही लावायच्या आधी हा विषय घरात काढा. नवऱ्याशी, सासूबाईंशी, मुलांशी बोला. ‘आमच्या घरातून असली क्लिप पुढे जाणार नाही’ एवढं एकमेकांत ठरवा. चार घरांनी ठरवलं तर चार ग्रुप थांबतील. बाकीच्यांचं बाकीचे बघतील, आपलं घर तर आपल्या हातात आहे ना?